मोठ्याचं (बीफ) महाग झालंय, घर कसं भागवायचं? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

सोनू (डॅलस): सलाम सगळ्यांना. वहिनी, मुद्दाम तुम्हाला विचारतेय, पण बाकी कुणाला माहीत असेल तर त्यांनीही सांगा. ह्यांचे कामाचे तास कमी केलेत. किराण्याला आठवड्याला 110 डॉलरच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाकी सगळं कसंबसं बसतं, बीफ बसत नाही. काल स्ट्यू मीटचं, म्हणजे रश्श्यासाठी कापलेल्या तुकड्यांचं, पाकीट बघितलं, पाउंडाला साडेनऊ डॉलर! माझं हिमोग्लोबिन कमी आहे, डॉक्टर लाल मांस खा म्हणाल्यात, त्यामुळे एकदम बंदही करता येत नाही.

मामा (पुणे): एक पाउंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. एवढे पैसे? मग चिकन खा ना.

आत्या (अहिल्यानगर): अरे, तिला रक्तासाठी हवंय. सूनबाईला बोलू दे.

वहिनी (ह्यूस्टन): मामांचं अर्धं बरोबर आहे. आठवड्यातले दोन दिवस चिकनच कर. लेग क्वार्टरची दहा पाउंडांची पिशवी मिळते, तिच्याएवढं स्वस्त मांस इथे दुसरं नाही. बीफ आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पण त्या एका वेळी नीट घे.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. इथल्या दुकानात बीफचा भाव ठरतो तो कोवळेपणावर. टेंडरलॉइन, रिबआय, स्ट्रिप हे सगळे पाठीकडचे भाग. जनावराच्या त्या स्नायूंना काम कमी, म्हणून ते मऊ, तव्यावर दहा मिनिटांत होतात, म्हणून महाग. खांदा, मान, मांडी, पाय दिवसभर राबतात, म्हणून चिवट, म्हणून स्वस्त. आता आपल्या घरात दहा मिनिटांत मटण कोण करतं? आपल्याकडे कुकर आहे, रस्सा तासभर शिजवायची सवय आहे. मग कोवळेपणाचे पैसे आपण का भरायचे?

चवीतही आपलं काही जात नाही, उलट रस्सा या चिवट भागांचाच चांगला होतो.

सोनू (डॅलस): पण स्ट्यू मीट चिवट भागाचंच असतं ना? ते का महाग?

वहिनी (ह्यूस्टन): कापायची मजुरी आपल्याकडून घेतात. बहुतेक ते चक (खांदा) किंवा राउंडचे (मागची मांडी) तुकडे असतात, कधी कधी दोन्ही एकाच पाकिटात. मग काही तुकडे मऊ होतात आणि काही चामट राहतात, आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

त्याऐवजी अख्खा चक रोस्ट घे, म्हणजे खांद्याचा गड्डा. जाहिरातीत लागतो तेव्हाच घ्यायचा. बऱ्याच दुकानांची नवी जाहिरात बुधवारपासून असते, ॲपवर आदल्या रात्री दिसते. उन्हाळ्यात लोकांचं लक्ष स्टेक आणि बर्गरकडे असतं, ओव्हनमध्ये रोस्ट कुणी करत नाही, तेव्हा चक आणि राउंड उतरतात. आमच्याकडे साडेआठचा चक मध्यंतरी सहाच्या आत आला होता, तेव्हा दोन गड्डे उचलले.

घरी आणून अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेव. गोठवायचा नाही, नुसता घट्ट होऊ द्यायचा. मग सुरी सरळ चालते. गड्ड्यात चरबीच्या आणि पांढऱ्या पडद्याच्या रेषा दिसतात, त्या रेषांवरून हाताने ओढलंस की तीन-चार वेगळे स्नायू आपोआप सुटतात. एक बाजू मऊसर असते, तिचे पातळ काप कर, ते कांदा-मिरचीवर परतायला. उरलेल्याचे रश्श्याचे तुकडे, थोडे मोठेच ठेव, शिजून आकसतात. कडेची जाड चरबी टाकू नकोस. बारीक कापून मंद आचेवर वितळव, गाळून बाटलीत भर. त्यातच कांदा परतायचा, तेवढंच तेल वाचतं.

आत्या (अहिल्यानगर): पांढरा पडदा काढून टाकू नको गं. शिजला की रश्श्याला तोच चिकटपणा देतो.

वहिनी (ह्यूस्टन): अगदी. आणि सोनू, इथेच लोक फसतात. स्वस्त भाग दोन जातींचे असतात. चक, मान, नळी यांत ते चिवट धागे आणि थोडी चरबी असते, ते जितकं शिजवशील तितकं मऊ होतं. राउंड, म्हणजे मागच्या मांडीचा भाग, तोही स्वस्त, पण कोरडा. त्यात विरघळायला काहीच नाही. रश्श्यात घातलास तर तासाभराने दोरे दोरे होतात. राउंड स्वस्त लागला तर घे, पण खिमा, कटलेट किंवा अगदी पातळ काप यासाठीच. काउंटरवर विचार, बऱ्याच ठिकाणी तुझ्यासमोर खिमा करून देतात, वेगळे पैसे न घेता.

मामा (पुणे): तयार खिमाच का नाही घेत मग? तो स्वस्त असेल.

वहिनी (ह्यूस्टन): मामा, त्यात हिशेब करावा लागतो. पाकिटावर 73/27, 80/20, 93/7 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. समजा 73 वाला 4.97, 80 वाला 5.97 आणि 93 वाला 8.47 डॉलर पाउंड आहे. निव्वळ मांसाचा भाव काढा: पहिला 6.81, दुसरा 7.46, तिसरा 9.11. म्हणजे 73 वाला घेऊन परतताना सुटलेली चरबी काढली तरी तो स्वस्तच पडतो. पण दर वेळी असंच येईल असं नाही. कधी 80 वाला सेलला लागतो आणि पारडं फिरतं. सोनू, भाव भागिले 0.73 किंवा 0.80, मोबाइलवर दुकानात उभ्या उभ्या होतं.

हाडाच्या मांसालाही हेच. पाउंडाचा भाव कमी दिसतो, पण हाडाचं वजन त्यात आहे. मी नळी मांसासाठी घेतच नाही, रश्श्यासाठी घेते. दोन नळ्या आणि मूठभर मांस घातलं तरी पातेलंभर रस्सा होतो.

दादा (ह्यूस्टन): भाव कधी उतरतील याची वाट बघू नकोस सोनू. जानेवारी 2025 च्या मोजणीत अमेरिकेत गुरं 8 कोटी 67 लाख निघाली, 1951 नंतरची सगळ्यात कमी. टेक्सासपासून कॅन्ससपर्यंत दुष्काळ पडला, चारा मिळेना, तेव्हा लोकांनी वासरं देणाऱ्या गाईच विकल्या. आता कुणी कालवड ठेवली तरी ती विणार, मग ते वासरू मोठं होणार, यात दोन-तीन वर्षं जातात. त्यात मेक्सिकोहून येणारी जिवंत गुरं स्क्रूवर्म नावाच्या किडीमुळे मे 2025 मध्ये थांबवली. त्याच वर्षी जूनमध्ये खिम्याचा देशाचा सरासरी भाव पहिल्यांदा पाउंडाला 6 डॉलरच्या वर गेला.

सोनू (डॅलस): म्हणजे सवयच बदलायला हवी.

आत्या (अहिल्यानगर): आपल्या घरात ही सवय होतीच बाळा. माझी आजी मोठ्याचं मांस आलं की त्यातलं थोडंच त्या दिवशी शिजवायची. बाकीच्याच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं आणि वलणीवर कडक वाळवायच्या. चान्या म्हणायचो आम्ही. पावसाळ्यात कामं नसायची, तेव्हा निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर, नाहीतर डाळीत टाकून. दोन चान्यांवर सगळ्या घराची आमटी व्हायची. जीभ, कलेजी, वजडी, पाया, काही वाया जात नव्हतं. आता इथे 2015 पासून बैलाचंही बंद झालं, म्हशीचंच मिळतं. ते जास्त वेळ शिजवावं लागतं, पण करायची रीत तीच.

सोनू (डॅलस): आत्या, चान्या मी फक्त ऐकल्यात. इथे बाल्कनीत वाळवता येतील?

वहिनी (ह्यूस्टन): नको. तसं वाळवलेलं बाधू शकतं आणि लहान मुलं आहेत घरात. इथे करायच्या तर मांस आधी 160 फॅरनहाइटपर्यंत तापवून मग ओव्हनमध्ये वाळवतात, तेवढी वीज जाळण्यापेक्षा फ्रीझर बरा. पण आत्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट घे, मांस थोडं आणि डाळ जास्त. एक पाउंड खिम्यात एक वाटी अख्खा मसूर शिजवून घातला तर चार जणांची दोन जेवणं होतात आणि मुलांना कळतही नाही. रश्श्यात बटाटा किंवा दुधी. हाडाच्या पाण्यात हरभऱ्याची डाळ.

आणि जीभ-कलेजीचं म्हणशील तर मेक्सिकन दुकानात जा. डॅलसमध्ये पुष्कळ आहेत, बाहेर कार्नीसेरिया लिहिलेलं असतं. मोठ्या दुकानात जे ठेवतच नाहीत ते तिथे काचेत मांडलेलं असतं. दिएस्मियो म्हणजे चक, चांबारेते म्हणजे नळीचे आडवे काप, पाता म्हणजे पाया, कोरासोन म्हणजे काळीज (हृदय), इगादो म्हणजे कलेजी. कलेजी आणि काळीज स्वस्त असतं आणि तुला लोहासाठी त्याहून चांगलं काही नाही. काळीज तर नुसतं मांसच आहे, वरची चरबी आणि रक्ताच्या नळ्या काढून बारीक काप, खिम्यात मिसळलं तर वेगळं ओळखूसुद्धा येत नाही. कलेजी आठवड्यातून एकदाच, थोडी. आणि दिवस राहिले असतील तर अजिबात नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

एक मात्र सांगते. शेपटी आणि जीभ ही स्वस्त वस्तू राहिली नाही. शेपटीच्या भावात इथे चांगला रोस्ट येतो. गावाकडच्या आठवणीने उचलू नकोस, भाव बघ.

सोनू (डॅलस): दिवस वगैरे राहिलेले नाहीत वहिनी, कलेजी चालेल. आणखी एक. सकाळी दुकानात पिवळं लेबल लावून कमी भावात पाकिटं ठेवतात. मांस थोडं तपकिरी दिसतं. घ्यावं का?

वहिनी (ह्यूस्टन): तारीख आजची किंवा उद्याची असेल, पाकीट फुगलेलं किंवा फाटलेलं नसेल तर घे. नुसता रंग तपकिरी झाला म्हणजे खराब झालं असं नाही. खिम्याच्या आतला भाग तर हवा न मिळाल्यानेच करडा दिसतो. घरी उघडल्यावर आंबूस वास आला किंवा बोटाला चिकट बुळबुळीत लागलं तर टाकून दे, तिथे पैशाकडे बघायचं नाही. चांगलं असेल तर त्याच दिवशी शिजव नाहीतर फ्रीझ कर. तसंही ताजा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच, गड्डा असेल तर तीन ते पाच. लेबलवर बारीक अक्षरात सोल्यूशन घातलंय असं लिहिलं असेल तर ठेवून दे परत, मिठाच्या पाण्याचे पैसे देतोय आपण.

सोनू (डॅलस): फ्रीझर अगदी छोटा आहे, फ्रिजच्या वरचा.

वहिनी (ह्यूस्टन): म्हणूनच गोळे करून ठेवायचे नाहीत. एका जेवणाचं मांस एका झिपच्या पिशवीत, हवा काढून, तळहाताने दाबून चपटं कर. फळीवर आडवं गोठलं की वहीसारखं उभं लावता येतं. सोडवायलाही सोपं, रात्री खालच्या कप्प्यात ठेवलं की सकाळी तयार. घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात, ओट्यावर तसंच ठेवायचं नाही. पिशवीवर भाग आणि तारीख लिही. खिमा तीन-चार महिन्यांत संपव, चवीसाठी. गड्ड्याचे तुकडे त्याहून जास्त टिकतात.

मामा (पुणे): ग्रेडचं काय असतं गं ते? प्राइम, चॉइस असं वाचलंय.

वहिनी (ह्यूस्टन): मुख्यतः मांसात चरबीच्या बारीक रेषा किती, त्यावरून. प्राइम वरचं, मग चॉइस, मग सिलेक्ट. तव्यावरच्या स्टेकला फरक पडतो. रश्श्याच्या चकला सिलेक्ट पुरतं, त्यात अंगचीच चरबी असते.

सोनू (डॅलस): मग या आठवड्याचं असं करू का? शनिवारी सेल असेल तर तीन पाउंडांचा चक. निम्म्याचा रविवारी रस्सा, निम्मा फ्रीझरला. कार्नीसेरियातून एक पाउंड कलेजी आणि दोन नळीचे काप. खिमा पुढच्या आठवड्यात मसूर घालून. वीस-बावीस डॉलरमध्ये बसायला हवं. काल बघितलेलं स्ट्यू मीट दोन पाउंड घेतलं असतं तरी एकोणीस गेले असते.

वहिनी (ह्यूस्टन): छान बसवलंस. कलेजी अर्धाच पाउंड घे, ती फ्रीझ केली की पाणी सोडते. नळी चकच्या तुकड्यांबरोबरच कुकरला लाव. हळद, मीठ, आलं-लसूण, बेताचं पाणी. मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ दे. ते पाणी वरून थंड झालं की चरबीचा थर काढता येतो, तो पुढच्या फोडणीला.

आत्या (अहिल्यानगर): रस्सा पातळ ठेव आणि येसूर (भाजून दळलेला मसाला) लाव, म्हणजे मांस कमी असलं तरी जेवण भरीचं होतं. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, लाल मिरची, लवंग-दालचिनी वेगवेगळं भाजायचं आणि बारीक दळायचं. चार जणांना दोन चमचे पुरे, गार पाण्यात कालवून उकळत्या रश्श्यात सोड.

सोनू (डॅलस): बाजरी इथे इंडियन स्टोअरमध्ये मिळते. मिक्सरवर होईल ना आत्या?

आत्या (अहिल्यानगर): होईल, पण भाजलेलं पूर्ण गार झाल्यावरच फिरव आणि चाळून घे. मिरची आधी निम्मीच घाल, मुलं खाणार आहेत.