एलडीएल शंभराच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहायचं का?

मोरपंख

मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या माणसाला “कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, काळजी नको” असं सांगून घरी पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. जवळच्या नात्यातल्या एका गृहस्थांचा रिपोर्ट समोर आहे, त्यावरून हा धागा काढतोय.

एकूण कोलेस्टेरॉल १७६, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, उपाशीपोटी साखर १०८. कंबरेचा घेर मर्यादेबाहेर. निकष पाच: घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतले कोणतेही तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोम. यांचे चार जुळतात. तरी एलडीएल शंभराच्या आत, म्हणून सगळे खूश.

रक्तात कोलेस्टेरॉल किती फिरतंय एवढंच आपण मोजतो. रोगप्रतिकारक पेशी त्याचं काय करताहेत, हे कोणी विचारतच नाही. एलडीएलचा कण धमनीच्या अस्तराखाली अडकतो, तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं. मग रक्तातल्या मोनोसाइट पेशी आत शिरतात, मॅक्रोफेज बनतात आणि असे बिघडलेले कण गिळू लागतात. साध्या पेशीला पुरेसं कोलेस्टेरॉल मिळालं की ती आपले एलडीएल रिसेप्टर कमी करते. हे रिसेप्टर आणि हा ताबा दाखवून देणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. मॅक्रोफेज मात्र बिघडलेले कण ज्या रिसेप्टरांनी उचलते, त्यांना हा लगाम नाही. पोट भरलं तरी ती खातच राहते. आत चरबीचे थेंब साठतात आणि तिची फोम सेल होते. पुढे कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार होतात, ते पेशीच्या आतल्या पिशव्या फोडतात आणि एनएलआरपी३ नावाची यंत्रणा जागी होते. तिच्यातून आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन सुटतं, दाह वाढतो, आणखी मोनोसाइट धावत येतात. हा दुवा २०१० मध्ये स्पष्ट झाला.

मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये याच्या जोडीला पोटावरची चरबी असते. तिथेही मॅक्रोफेज गर्दी करतात, मरणाऱ्या चरबीपेशींभोवती कडं करून बसतात आणि दाहक रसायनं सोडतात. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, त्यात यांचाही हात आहे. म्हणजे या माणसाच्या पेशी आधीपासूनच चिडलेल्या आहेत. तेच ९८ एलडीएल त्याच्या अंगात जास्त नुकसान करणार.

म्हणून माझं म्हणणं: अशा प्रत्येकाची एचएस-सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) तपासा आणि दाह हे उपचाराचं स्वतंत्र लक्ष्य माना. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने आयएल-१ बीटा अडवलं. एलडीएल जागचं हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. याहून थेट पुरावा कोणता हवा?

कंदील

पेशींचं वर्णन अचूक आहे. निष्कर्षाशी मात्र पूर्ण असहमत, आणि हा निष्कर्ष लोकांना चुकीच्या वाटेला लावेल याची मला खरंच काळजी वाटते.

आधी तो रिपोर्ट. तो नॉर्मल नाहीच, पण ते कळायला पेशींपर्यंत जावं लागत नाही. एकूण १७६ मधून एचडीएल ३६ वजा करा: १४०. हे नॉन-एचडीएल. एलडीएलचं लक्ष्य १०० धरलं तर नॉन-एचडीएलचं १३० असतं. म्हणजे गृहस्थ दहाने वर आहेत. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असलं की एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून ९८ हा आकडा दिसायला सोज्वळ. कणांची संख्या मात्र जास्त. प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजलं की कणच मोजले जातात. धमनीत अडकतात ते कण. ते आलेच नाहीत, तर मॅक्रोफेज गिळणार काय?

आता कॅन्टोस. १५ टक्के खरे, पण जिवावरचे जंतुसंसर्गही त्या औषधाने वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. दोन वर्षांतच सर्ट चाचणीचे निकाल आले. त्यात हृदयविकार असलेले आणि जोडीला मधुमेह किंवा मेटाबॉलिक सिंड्रोम असलेले, म्हणजे बरोबर तुम्ही म्हणता तेच लोक घेतले होते. कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट हे दाहविरोधी औषध दिलं. फायदा झाला नाही.

उलट २०१७ च्याच फूरियर चाचणीत पीसीएसके९ हे प्रथिन अडवणाऱ्या औषधाने एलडीएल ९२ वरून ३० वर आलं, सीआरपी होती तिथेच राहिली, आणि घटना १५ टक्क्यांनी घटल्या. ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जन्मभर जास्त असते, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. ज्यांच्या जनुकांमुळे एलडीएल जन्मभर कमी असतं, त्यांना तो फार कमी होतो. कारण कोणतं आणि नुसती खूण कोणती, हे यावरून उघड आहे.

मोरपंख

सर्टचा दाखला इथे लागू पडत नाही. मेथोट्रेक्सेटने त्या लोकांची आयएल-१ बीटा, आयएल-६ (हेही दाहाचंच प्रथिन) किंवा सीआरपी यांपैकी काहीच कमी झालं नाही. दाह उतरलाच नाही, तर दाह उतरवून उपयोग नाही असं त्यातून कसं सिद्ध होतं? सीआरपी हृदयविकाराचं कारण आहे असं मी म्हटलेलं नाही. ती यकृतात आयएल-६ च्या सांगण्यावरून बनते; आत काय चाललंय याची ती वर्दी आहे. कारण शोधायचं तर त्याच्या वर चढून आयएल-१ बीटापाशी जावं लागेल.

आणि कोल्चिसिन हे दाहविरोधी औषध? २०१९ ची कोलकॉट, २०२० ची लोडोको-२. रोज अर्धा मिलिग्रॅम. दोन्हींत घटना घटल्या, दुसरीत तर जवळपास ३१ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला हृदयविकारासाठी मान्यताही दिली. हे औषध एलडीएलला हात लावत नाही.

कंदील

२०२४ ची क्लिअर चाचणी राहिली. सात हजारांवर रुग्ण, हार्ट अटॅकनंतर लगेच कोल्चिसिन सुरू केलं, फायदा दिसला नाही. आणि या सगळ्या चाचण्यांतले लोक आधीच हृदयरोगी होते. तुमचे नातेवाईक हृदयरोगी नाहीत. नुसत्या मेटाबॉलिक सिंड्रोमवर दाहविरोधी औषध द्यावं असा पुरावा आज कुठे आहे?

शेवंती

मी लॅबमध्ये काम करते, म्हणून तपासणीपुरतं सांगते. सर्दी, दुखरी हिरडी, नुकतीच झालेली जखम, यांतल्या कशानेही एचएस-सीआरपी वर जाते. १० च्या वर आली तर हृदयाच्या धोक्यासाठी ती धरायचीच नाही. बरं वाटल्यावर, दोनेक आठवड्यांनी पुन्हा द्यायची. लोक एकच रिपोर्ट पाहून हबकतात.

दुसरं, बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. वरच्या रिपोर्टात १७६ वजा ३६ वजा ४२, बरोबर ९८. ट्रायग्लिसराइड जितकं वाढेल तितकं हे सूत्र कच्चं पडतं आणि ४०० च्या वर तर वापरूच नये. मेटाबॉलिक सिंड्रोमवाल्यांच्या बाबतीत नेमकी इथेच गफलत होते.

आडवाट

मला स्वतःला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, म्हणून विचारतो. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने, साखर वाढते असं वाचलं. मग ज्याची साखर आधीच काठावर आहे, त्याने ते घ्यायचं का?

कंदील

आडवाट, थोडी वाढते, हे खरं आहे. २०१० मध्ये १३ चाचण्या एकत्र करून पाहिलं होतं: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो. त्याच काळात टळणाऱ्या हृदयविकाराच्या घटना याहून जास्त असतात. तुमचा एकूण धोका किती, यावर निर्णय ठरेल, आणि तो तुमच्या डॉक्टरांनीच तुमच्याशी बोलून घ्यावा. गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.

मोरपंख

स्टॅटिनचाच विषय निघालाय तर २००८ ची ज्युपिटर चाचणी पाहा. एलडीएल १३० च्या खाली, म्हणजे रूढ अर्थाने ठीकठाक, पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त, असे १७,८०२ लोक. रोसुव्हास्टॅटिनने घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. ही माणसं शोधली कशाने? सीआरपीने. नुसतं एलडीएल बघितलं असतं तर त्यांना कोणी औषध दिलंच नसतं.

कंदील

ज्युपिटरमध्ये एलडीएल १०८ वरून ५५ वर आलं, तेवढ्यानेच फायद्याचा मोठा भाग समजतो. कमी सीआरपीवाले लोक त्यात घेतलेच नव्हते, मग सीआरपीमुळे फायदा झाला हे ठरवणार कशावरून? २०१६ च्या होप-३ मध्ये दोन्ही प्रकारचे लोक होते आणि रोसुव्हास्टॅटिनचा फायदा सीआरपी कमी असो वा जास्त, सारखाच निघाला.

आडवाट

तुम्हा दोघांचं वाचून एक प्रश्न उरतो. कंबर कमी झाली तर तुमच्यापैकी कोणाचं म्हणणं खरं ठरतं?

मोरपंख

वजन उतरलं की ट्रायग्लिसराइड, साखर, रक्तदाब आणि सीआरपी सगळंच उतरतं, त्यामुळे त्यातून आमचा वाद सुटणार नाही. तुमचा फायदा मात्र नक्की आहे.

कंदील, नॉन-एचडीएल १४० ही तुमची वजाबाकी मी त्या गृहस्थांना आजच दाखवणार आहे आणि अपोबीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगणार आहे. पण एलडीएल ३० वर आणूनही फूरियरमधल्या काहींना अटॅक आलेच. ते का आले, हे शोधायला त्या मॅक्रोफेजपर्यंत जावंच लागेल. सीआरपीची मागणी मी सोडत नाही.

कंदील

अटॅक आले, कारण एलडीएल ३० वर यायच्या आधी कित्येक वर्षं त्यांच्या धमन्यांत कण साचत होते. उशीर झाला होता. तुमच्या नातेवाइकांच्या बाबतीत तो होऊ नये म्हणूनच मी इतका हट्टाने लिहितोय. त्यांचं अपोबी किती आलं, ते इथे नक्की कळवा.