एसटीचा संप आणि तुमचं घर : अनुभव लिहा

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी पेटलेला, दिवाळी संपता संपता राज्यातल्या अडीचशे आगारांत पसरलेला आणि हायकोर्टाने दिलेल्या २२ एप्रिल २०२२ च्या मुदतीपर्यंत चाललेला एसटीचा संप. सुरुवात पगार आणि महागाई भत्त्यावरून झाली. पुढे महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, या मागणीवर सगळं अडलं. पुढाऱ्यांची भाषणं ऐकून झाली आहेत. इथे तुमच्या घरात काय झालं ते लिहा. संपावर होतात, कामावर गेलात, फाट्यावर ताटकळलात, वडाप चालवलंत, काहीही चालेल. पक्षांची भांडणं बाहेर ठेवा. नाव आणि आगार लिहू नका, बरेच जण अजून नोकरीत आहेत.

कंडक्टरची मुलगी, सांगलीकडची

पप्पांचा पगार किती हे मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं. संपात सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपा व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या, त्यात पप्पांनीही त्यांची टाकली. पतसंस्था, बँकेचा हप्ता, विमा कापून हातात जे येत होतं, त्यापेक्षा जास्त पैसे आमच्या गल्लीतला सेंट्रिंगवाला आठवड्याच्या बाजारापर्यंत मिळवत होता असं आई म्हणाली. पप्पा काहीच बोलले नाहीत.

पगार बंद झाला तरी हप्ता थोडाच थांबतो! आईचं फॉल-पिकोचं मशीन रात्री अकरापर्यंत चालायचं. पप्पा थोडे दिवस आझाद मैदानात जाऊन आले, मग एका गुऱ्हाळावर हिशोब ठेवायला लागले. गळीत हंगाम होता म्हणून निभावलं. हाच संप पावसाळ्यात झाला असता तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. किराणा दुकानदार उधारीला नाही म्हणाला नाही, पण आई गेली की वही काढून समोर ठेवायचा. ते आईला लागायचं.

सगळ्यात अवघड म्हणजे गावातल्या बायका. पप्पांच्या पहिल्या फेरीला भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या. त्या चिडल्या असत्या तर पप्पांनाही उत्तर देता आलं असतं. पण त्या रोज विचारायच्या, “दादा, कवा सुटणार गाडी?” आणि उलट एखादी मेथीची जुडी देऊन जायच्या. पप्पांनी मागच्या बोळातून जायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये हजर झाले. पुढचे कितीतरी पगार तुंबलेल्या हप्त्यांतच गेले.

बीड जिल्हा, तेव्हा एफवायला

कोरोनामुळे दीड वर्ष कॉलेज बंद होतं. २० ऑक्टोबरला उघडलं. पास काढला आणि दिवाळीनंतर जायचं तर गाड्याच नाहीत. मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून जायची. आम्हाला जीपमध्ये पुरुषांच्या गर्दीत पाठवायला घरचे तयार नव्हते, आणि रोजचं भाडं परवडणारंही नव्हतं. वर्गातल्या एकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. संपामुळेच झालं असं म्हणणार नाही, पण घरी बसलेली मुलगी डोळ्यांवर येते. कामगारांची मागणी मला तेव्हाही पटत होती आणि आजही पटते. आमची संध्याकाळची वस्तीची गाडी मात्र संपानंतर परत आलीच नाही.

निवृत्त चालक

२०१७ च्या दिवाळीतला संप चार दिवसांचा. सातवा वेतन आयोग द्या म्हणत होतो. कोर्टाने बेकायदा ठरवला आणि भाऊबीजेला गाड्या बाहेर काढल्या. हाती काही आलं नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये दोन दिवस बसलो, तेही तसंच. ही आधीची खदखद विसरून लोक २०२१ बद्दल बोलतात. त्यात कोरोनात आमच्या माणसांना मुंबईत बेस्टच्या ड्युटीला पाठवलं, आणि त्याच काळात पगार महिना-दोन महिने लांबत होता.

२४ नोव्हेंबरला वाढ जाहीर झाली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना मूळ पगारात ५,०००, वीसपर्यंतच्यांना ४,००० आणि वीसच्या वर २,५००. नवीन पोराचा मूळ पगार १२,०८० वरून १७,०८० झाला. चांगलंच झालं, त्यांची कुतरओढ मी पाहिली होती. पण तीस वर्षं घाट चढवलेल्या माणसाला सगळ्यात कमी! माझ्या मते तेव्हाच कामावर यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दोन पुढारी मैदानातून बाजूला झाले तेव्हा तरी. पण एवढं सोसल्यावर विलीनीकरण घेतल्याशिवाय उठायचं नाही, असा पोरांचा हट्ट. सरकारच्या समितीने मार्चमध्ये नाही म्हटलं, ते मला आधीच दिसत होतं.

वडापवाला

शिव्या खायला मी आलोच. एरवी स्टँडच्या आसपास जीप दिसली तरी पावती फाटायची. त्या नोव्हेंबरात सरकारनेच खासगी गाड्यांना परवानगी दिली आणि आम्ही थेट फलाटाला जीप लावली. भाडं वाढवलं, कबूल. डिझेलही तेव्हा कमी नव्हतं. म्हाताऱ्यांना अर्ध्या तिकिटाची सवय, ते जीपमध्ये बसून भांडायचे. संपातले दोन कंडक्टर माझ्याच गाडीवर किलिंडर म्हणून आले होते. प्रवासी कसे बसवायचे हे त्यांनी मला शिकवलं.

डिसेंबरात हजर झालेला चालक

मी फुटलो. हाच शब्द वापरतात म्हणून मीही वापरतो. बायकोचं ऑपरेशन होतं. पहिल्या दिवशी पोलीस गाडीच्या पुढे, मागे मी, आत सात प्रवासी. आगाराच्या गेटवर माझ्याच बॅचची माणसं उभी होती. कुणी दगड मारला नाही. एकाने बांगड्या पुढे केल्या.

संप मिटला तेव्हा वाटलं, मिटेल हेही. विश्रांतीगृहात मी शिरलो की गप्पा थांबायच्या. मुक्कामाच्या गाडीवर कंडक्टर सोबत असला तरी जेवण वेगळं. शेवटी बदली मागून घेतली. मजा म्हणजे, पगारवाढ तर सगळ्यांना एकाच नियमाने मिळाली. कोर्टाच्या आदेशाने बडतर्फही परत आले. डोळ्यांसमोर सगळे सारखे, फक्त डबा कुणाबरोबर उघडायचा ते ठरलेलं.

कंडक्टरची मुलगी (पुन्हा)

वरच्या काकांना. आमच्या घरीही एका मामांशी बोलणं बंद झालं होतं, तेही जानेवारीत हजर झाले म्हणून. माझ्या साखरपुड्याला आईने हट्टाने बोलावलं. पप्पा आणि ते शेजारी बसले आणि पूर्ण वेळ नवीन गाड्यांच्या एव्हरेजवर बोलले. संपाचं नाव नाही. तुम्हीही कुणाच्या तरी लग्नाची वाट बघा.

चिपळूण, नोकरी मुंबईत

२०२४ चं लिहितो. ३ सप्टेंबरला परत संप. गणपती ७ तारखेला. माझं बुकिंग ५ चं. आमच्या वाडीतल्या ग्रुपवर कामगारांना नको नको ते बोललं जात होतं, आणि त्याच ग्रुपवर एसटीत असलेले चारजण गप्प वाचत होते. ४ तारखेच्या संध्याकाळी ६,५०० ची वाढ जाहीर झाली, संप मिटला. ५ ला रात्री गाडी मिळाली. ड्रायव्हरला विचारलं, मिळाले का साडेसहा हजार? म्हणाला, “जाहीर झालेत. मिळाले की सांगतो. मागे सरका, वाटेत लोक उभे आहेत.”