वडिलांना साल्हेरला न्यायचंय, वाट सुचवा

पुण्याचा_भटक्या
नमस्कार मंडळी. वडील इतिहासाचे शिक्षक होते, आता ६७ वर्षांचे आहेत. साल्हेरची लढाई वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवली, पण गड काही पाहिला नाही. २०२५ मध्ये साल्हेर युनेस्कोच्या यादीत आला त्या दिवसापासून "एकदा जाऊ या" चाललंय. रोज चार-पाच किलोमीटर चालतात, गुडघे धड आहेत, फक्त दरीकडे बघायला बिचकतात. साल्हेरवाडीतून चढावं की वाघांब्यातून? मुक्काम वर करावा का?

बागलाणकर
वाघांब्यातूनच या. साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या मधल्या खिंडीपर्यंत काय ती दमछाक, पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. दरवाज्यांनंतर कड्याच्या पोटातून आडवी वाट जाते. एका अंगाला खोदीव गुहा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे काकांना गुहांच्या बाजूने चालवा आणि त्यांच्यापुढे तुम्ही राहा.

घाई मात्र करू नका. खिंडीत अर्धा तास काकांना बसू द्या. गड महाराजांनी १६७१ मध्ये घेतला, तो परत मिळवायला मोगलांचे सरदार इखलासखान आणि बहलोलखान वेढा घालून बसले होते. प्रतापराव गुजर एकीकडून, मोरोपंत पिंगळे दुसरीकडून आले आणि १६७२ मध्ये गडाच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मोगली फौज मोडली. हा गड हातात म्हणजे खानदेशातून सुरतेकडे जाणाऱ्या वाटांवर नजर, म्हणून एवढी झोंबाझोंबी. वरून मुलूख बघितला की हे आपोआप कळतं.

मोडीवाचक
काकांना सूर्यराव काकडे नक्की आठवत असतील. महाराजांचे हे सरदार याच लढाईत जंबुऱ्याचा, म्हणजे उंटावरच्या लहान तोफेचा, गोळा लागून पडले; कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या बखरीत लिहून ठेवलंय. बखरीतलं तेवढं पान झेरॉक्स करून न्या आणि तिथेच वाचा. आम्ही वाचलं होतं, पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही.

डोलबारी_वेडा
मुक्काम वर करा! गंगासागर तलावाजवळ गुहा आहे. पहाटे परशुरामाच्या मंदिरापर्यंत चढा, १५६७ मीटर, कळसूबाईनंतर राज्यात हेच शिखर. मांगी-तुंगी, मुल्हेर, हरगड, सगळं समोर.

बागलाणकर
दादा, तुमचं-आमचं ठीक आहे. डिसेंबरात वर वारा हाडात शिरतो, ६७ वर्षांच्या माणसाला गुहेत झोपवू नका. आदल्या संध्याकाळी ताहाराबादवरून गावात या, कुणाच्याही घरी सांगून ठेवलं की गरम भाकरी-ठेचा मिळतो. पहाटे पाचला निघा. माथ्यावर सावली नाही, माणशी तीन लिटर पाणी घ्या. पावसाळ्यात मात्र आणू नका, पायऱ्या शेवाळतात.

पुण्याचा_भटक्या
ठरलं. वाघांबे, मुक्काम गावात, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सभासदाचं पान वडिलांनी आत्ताच काढून ठेवलंय, खिंडीत तेच वाचणार म्हणतात.