परदेशात शिकताना सापडलेल्या पाखाड्या: तुमचे अनुभव सांगा

हर्णेची लेक
आईने आज बोंबील ऊन दाखवायला खळ्यात पसरले आणि मी ओटीवरून थेट लिस्बनला पोचले. २०१६ ते २०१८, मास्टर्स. वर्गातली मंडळी बेलेमचा मनोरा, २८ नंबरची ट्राम करत फिरायची. मी एका संध्याकाळी चुकून रुआ दु आर्सेनालवर वळले आणि तो वास आला. खारवून सुकवलेला कॉड, त्यांचा बाकाल्याउ. दुकानात फळ्यांसारखा रचलेला, वर मिठाचा पांढरा थर. आपण खारा बांगडा भिजत घालतो तसा तिथे तो पाणी बदलत एक-दोन दिवस भिजवतात. काही न घेता पंधरा मिनिटं उभी राहिले. मग दर आठवड्याला जायला लागले.

राहायला मोरारियात. चढण, दगडी पायऱ्या, दोन्हीकडे भिंती, वर वाळत घातलेले कपडे. पाखाडीच ती, फक्त पोफळी नाहीत! पहिल्याच आठवड्यात किल्ली आत राहिली आणि दार लागलं. खालच्या आजींना इंग्रजी येईना, मला पोर्तुगीज. हाताने कुलूप उघडायची खूण केली तर म्हणाल्या, "शाव्ह?" दोन सेकंद लागले मला. चावी! मग रोज संध्याकाळी पायरीवर बसून आम्ही शब्द जुळवायचो. बटाटा, अननस, काजू, नाताळ. आणि हर्णे बंदरावर रोज ज्याच्या जिवावर चुली पेटतात तो लिलाव, तोसुद्धा त्यांचाच, लैलांव.

तुम्हाला अशा कुठल्या जागा सापडल्या? शाळा-कॉलेजच्या सहलीत न दाखवलेल्या. लिहा ना.

कोर्लईचा
आमच्या वाड्यात घरोघरी अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. नोउ लिंग म्हणतो आम्ही, म्हणजे आपली भाषा. मी पोर्तुगालमध्ये पोर्तूला सहा महिने होतो. नदीपासून लांब, चढावर एक छोटी बेकरी होती, तिथे एकदा धीर करून घरची बोली बोललो. त्याने हातातलं काम टाकून आतून बायकोला बोलावलं, म्हणाला ऐक. मला चार वेळा बोलायला लावलं. पावाचे पैसे घेतले नाहीत.

सुपारीची वाडी
बोंबील कुठून घेतलेस? आमच्याकडे यंदा भाव फार चढलाय.

हर्णेची लेक
बंदरावरच्या काकूंकडून, ठरलेल्या आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

देवगडकरीण
लाइपझिग. पोळ्या लाटता लाटता लिहितेय, सांभाळून घ्या. रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पहिला महिना त्या शांततेने जीव घाबरा व्हायचा. मग कालव्याच्या काठाने चालायला लागले. कुंपणापलीकडे ओळीने बागा आणि प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. श्रेबरगार्टन म्हणतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं परसू म्हणा. या बागांचं पहिलं मंडळ १८६४ साली लाइपझिगमध्येच निघालं, संग्रहालयसुद्धा आहे तिथे. एका आजोबांनी कुंपणावरून ओंजळभर गूजबेरी दिल्या. आंबटढाण! घरी जाऊन मेथी-मोहरीची फोडणी, गूळ, तिखट घालून मेथांब्यासारखं केलं आणि बरणी नेऊन दिली. पुढच्या रविवारी माझ्यासाठी फाटक उघडं ठेवलेलं. दोन वर्षं तिथली तण काढली मी.

सुपारीची वाडी
गूजबेरीचा मेथांबा!! प्रमाण टाक.

वाशिष्ठीकाठ
एडिंबरा, एप्रिल २०२०. भारतात येणारी विमानं बंद. तिकडे व्यायामासाठी दिवसातून एकदाच बाहेर पडायची परवानगी. चिपळूणला आजी गेली. सगळं व्हिडिओवर पाहिलं, फोन ठेवला आणि वॉटर ऑफ लीथच्या काठाने डीन व्हिलेजपर्यंत गेलो. जुन्या पिठाच्या गिरण्यांचं गाव आहे ते, भर शहरात पण खोल दरीत. वर पूल आहे, खाली फक्त पाण्याचा आवाज. आमच्या घरामागचा पऱ्या पावसाळ्यात असाच वाजतो, आजी रात्री तो ऐकत झोपायची. तीळ नव्हते. ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. एक बाई कुत्र्याला घेऊन येत होत्या, त्या लांबच थांबल्या. माझं होईपर्यंत पुढे आल्या नाहीत.

मालवणी मावशी
वाशिष्ठी, तुझा वाचून डोळ्यात पाणी इला रे बाबा. आजयेक पोचला असतला ता पाणी.

ठाण्याहून
वाशिष्ठीकाठ, 🙏

मीही एडिंबऱ्यालाच होतो, तुमच्या आधी. रॉयल माइलवरून आत जाणाऱ्या बोळांना क्लोज म्हणतात, धाग्याच्या नावाला अगदी साजेसे. डनबार्स क्लोजमधून आत शिरलं की मागे सतराव्या शतकाच्या धर्तीची, कातरलेल्या झुडपांची बाग. जुन्या गावातल्या गलिच्छ, पडीक जागांवर बागा करायचं काम पॅट्रिक गेडिस यांनी तिथे केलं. तेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले. मी मुंबईत त्यांच्याच विभागात शिकलो, म्हणून ते बोळ मुद्दाम शोधत फिरलो. जेवणाच्या सुट्टीत डबा तिथेच खायचो.

कोर्लईचा
गणपतीचं तिकीट मिळालं का कुणाला? ६० दिवस आधी सकाळी आठला बसलो, दोन मिनिटांत वेटिंग.

देवगडकरीण
नाही. एसटीनेच येणार आता.
सुपारीची वाडी, प्रमाण अंदाजाने घ्या, वाटीभर फळांना पाऊण वाटी गूळ. मेथी जळू देऊ नका.

भाचीची मामी
भाची सप्टेंबरला लिस्बनला चाललीय. कधी एकटी राहिली नाही हो, आत्तापासून सगळे धास्तावलेत. तिला काय बघ म्हणून सांगू?

हर्णेची लेक
मामी, धास्तावू नका, तिला माझा नंबर द्या. आणि सांगा, फार एकटं वाटलं तर काइश दु सोद्रेहून बोटीने पलीकडे कासील्याशला जा. दहाएक मिनिटं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसल्यासारखंच वाटतं, तोच डिझेलचा वास, तीच कामावरून परतणारी माणसं. मी परीक्षेच्या आधी नुसती जाऊन-येऊन करायचे. तिकिटाला मेट्रोचंच कार्ड चालायचं.