क्विनोलिनवाला एमईटी इनहिबिटर माइक्रोसोममध्ये टिकतो, माणसाच्या यकृतात टिकेल का?

पर्वरी_एमफार्म:

नमस्कार. क्विनोलिनचं कडं असलेला एमईटी कायनेज इनहिबिटर (कर्करोगाशी संबंधित एमईटी एन्झाइम अडवणारं संयुग) मानवी यकृताच्या माइक्रोसोममध्ये (यकृतपेशींच्या आतल्या पडद्यांचे तुकडे, त्यांत सायटोक्रोम एन्झाइम असतात) तपासला आहे. प्रोटीन ०.५ मिग्रॅ/मिली, संयुग १ मायक्रोमोलर, एनएडीपीएच (सायटोक्रोमना लागणारा सहघटक) १ मिलिमोलर, फॉस्फेट बफर पीएच ७.४, तापमान ३७ अंश. ६० मिनिटांनी निम्म्याहून किंचित जास्त शिल्लक राहतं. रॅटच्या माइक्रोसोममध्येही जवळपास तसंच. स्विसएडीएमई हे संगणकी भाकीत करणारं साधन 'सीवायपी३ए४ इनहिबिटर: होय' दाखवतं (३ए४ हे औषधं तोडणारं एक सायटोक्रोम एन्झाइम).

प्रबंधात 'यकृतात स्थिर, मुख्य एन्झाइम ३ए४' असं लिहावं का? पुढचा अभ्यास कुत्र्यात करण्याचा विचार आहे. मानवी हेपॅटोसाइट (यकृताच्या अख्ख्या पेशी) द्रव नायट्रोजनमध्ये बाहेरून पणजीपर्यंत आणायचे तर खर्च झेपत नाही. त्याआधी स्वस्तात काही कळेल का?

वेर्णा_बायोअ‍ॅनालिसिस:

दोन्ही विधानं आत्ता लिहू नका. तुमचं संयुग ३ए४ला अडवतं का, एवढंच भाकीत स्विसएडीएमई करतं. ३ए४ त्याचं चयापचय करतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिथे मिळत नाही. कोणत्या अणूवर ऑक्सिडेशन होईल याचा अंदाज हवा तर स्मार्टसिप वापरा, पण तेही सायटोक्रोमपुरतंच.

खरी काळजी क्विनोलिनची आहे. नत्राशेजारचा कार्बन, म्हणजे दुसरं स्थान, मोकळं आहे का? असेल तर अल्डिहाइड ऑक्सिडेजची शंका घ्यायलाच हवी. हे एन्झाइम सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात असतं. माइक्रोसोम तयार करताना १,००,००० जीला फिरवल्यावर ते वरच्या द्रवात राहतं आणि माइक्रोसोमचा गाळ तेवढा आपण घेतो. तुमच्या नळीत ते नव्हतंच, तर त्याने संयुग तोडलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एमईटीच्याच औषधांत हे घडून गेलं आहे. एसजीएक्स-५२३ च्या क्विनोलिनवर माणसात याच एन्झाइमने ऑक्सिजन बसवला. तयार झालेला २-क्विनोलिनोन फार कमी विरघळतो, रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. जेएनजे-३८८७७६०५ चंही तेच झालं. कुत्र्याच्या यकृतात अल्डिहाइड ऑक्सिडेजची क्रिया नसते, त्यामुळे तिथे धोक्याची खूणच दिसत नाही. तुमच्या संयुगासाठी कुत्रा ही सगळ्यात चुकीची निवड ठरेल. रॅटमध्ये वाणागणिक फरक पडतो. माणसाला जवळचं माकड, पण ते आपल्या आवाक्याबाहेर. गिनीपिग त्यातल्या त्यात बरा.

म्हणून क्विनोलिनच टाकून द्यायचं असंही नाही. कॅपमॅटिनिबमध्ये क्विनोलिन आहे, त्याच्या चयापचयात ३ए४बरोबर अल्डिहाइड ऑक्सिडेजचाही वाटा आहे, तरी अमेरिकेत २०२० साली त्याला मंजुरी मिळाली. प्रश्न वेगाचा आणि मेटाबोलाइट (चयापचयातून तयार झालेलं संयुग) किती विरघळतो याचा आहे.

स्वस्त चाचणी अशी. मानवी यकृताचा एस९ फ्रॅक्शन (यात माइक्रोसोम आणि सायटोसोल दोन्ही असतात) घ्या, शक्यतो अनेक दात्यांचा एकत्र केलेला, १ ते २ मिग्रॅ/मिली. त्यात तुमचं संयुग १ मायक्रोमोलर. तीन संच लावा: एनएडीपीएचशिवाय, एनएडीपीएचसह, आणि एनएडीपीएचशिवाय पण ५० मायक्रोमोलर हायड्रालाझिन (अल्डिहाइड ऑक्सिडेजला अडवणारं) घालून. सायटोक्रोमना एनएडीपीएच लागतं, अल्डिहाइड ऑक्सिडेजला लागत नाही. पहिल्या संचात संयुग घटलं आणि हायड्रालाझिनने ती घट थांबली, तर आरोपी सापडला. सोबत कार्बाझेरान किंवा थॅलाझिन (अल्डिहाइड ऑक्सिडेज ज्यांना नक्की तोडतं अशी संयुगं) कंट्रोल म्हणून हवंच. नमुने ०, २, ५, १०, २०, ४० मिनिटांना काढा. या एन्झाइमची क्रिया प्रयोग चालू असतानाच मंदावते, आलेख सुरुवातीला तीव्र उतरतो आणि मग सपाट होतो. सगळ्या बिंदूंतून एकच रेषा ओढलीत तर वेग कमी दिसेल. सुरुवातीचा उतार घ्या.

ताळगाव_पीके:

वरचं सगळं मान्य. पण 'स्थिर' या शब्दावर माझा स्वतंत्र आक्षेप आहे. गणित करून बघा.

हाफ-लाइफ ६० मिनिटं धरू. ०.६९३ भागिले ६० म्हणजे ०.०११५५ प्रति मिनिट. १ मिग्रॅ प्रोटीनमागे २,००० मायक्रोलिटर, म्हणून इन्ट्रिन्सिक क्लिअरन्स (संयुग साफ करण्याची एन्झाइमची मूळ क्षमता) सुमारे २३ मायक्रोलिटर/मिनिट/मिग्रॅ. यकृताच्या प्रत्येक ग्रॅमला ४० मिग्रॅ माइक्रोसोमल प्रोटीन आणि शरीराच्या प्रत्येक किलोला २५.७ ग्रॅम यकृत धरलं, तर सुमारे २४ मिली/मिनिट/किलो. यकृताचा रक्तप्रवाह आहे २०.७. वेल-स्टर्ड मॉडेलमध्ये (यकृताच्या क्लिअरन्सचं साधं गणिती मॉडेल), संयुग प्रथिनांना किंवा पडद्यांना मुळीच चिकटत नाही असं धरून, क्लिअरन्स ११ येतो. म्हणजे एका फेरीत निम्म्याहून जास्त औषध गेलं. याला स्थिर कसं म्हणणार?

आता प्लाझ्मात मुक्त अंश (कशालाही न चिकटलेला भाग) ०.०५ आणि माइक्रोसोममध्ये ०.५ धरा. तोच क्लिअरन्स २.१ वर येतो, म्हणजे जेमतेम १० टक्के. एकाच हाफ-लाइफमधून १० टक्केही निघतात आणि ५३ टक्केही! म्हणून इक्विलिब्रियम डायलिसिस (फक्त मुक्त संयुग पडद्यापलीकडे जाऊ देणारी चाचणी) करून दोन्ही मुक्त अंश मोजा. माइक्रोसोमचा अंश त्याच ०.५ मिग्रॅ/मिलीला मोजायचा. प्रोटीन बदललं की तो बदलतो. कायनेज इनहिबिटर चरबीत विरघळणारे, बरेचसे आम्लारीधर्मी. ते माइक्रोसोमच्या पडद्याला चिकटतात.

६० मिनिटांच्या पुढे माइक्रोसोम चालवू नका, एन्झाइम थकतात. हळू तुटणारं संयुग हेपॅटोसाइटमध्येच ४ तास बघावं लागतं.

पर्वरी_एमफार्म:

दुसरं स्थान मोकळंच आहे. एस९ मागवतो. साठवण आणि पावसाळ्यातली वीज याबद्दल कुणी सांगेल का? आणि +१६ वस्तुमानाचा (एक ऑक्सिजन वाढलेला) मेटाबोलाइट दिसला तर तो सायटोक्रोमचा की अल्डिहाइड ऑक्सिडेजचा, हे कसं ओळखायचं?

वेर्णा_बायोअ‍ॅनालिसिस:

+१६ चं कोडं सुटतं. सायटोक्रोम हवेतला ऑक्सिजन घेतं, अल्डिहाइड ऑक्सिडेज पाण्यातला. ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यात बफर बनवून छोटा संच लावा. मेटाबोलाइट +१६ ऐवजी +१८ वर सरकला तर ऑक्सिजन पाण्यातून आला. हे पाणी महाग आहे, पण १०० मायक्रोलिटरची एकच नळी पुरते. मात्र एन्झाइमच्या द्रावणातलं साधं पाणी मिसळतंच, त्यामुळे +१६ चं शिखर पूर्ण जाणार नाही, प्रमाण बघा.

साठवण उणे ८० अंशांना. पार्सल आल्या आल्या बर्फावर वितळवून १०० मायक्रोलिटरचे भाग करा, लगेच परत गोठवा, आणि प्रत्येक भाग पुढे एकदाच वापरा. ड्राय आइस संपलेलं पार्सल घेऊच नका. अल्डिहाइड ऑक्सिडेज साठवणीत सायटोक्रोमपेक्षा लवकर मरतं. वीज जाऊन फ्रीजरचं तापमान चढलं असेल तर आधी कार्बाझेरानचा कंट्रोल चालवा. तो घटला नाही तर तुमच्या संयुगाच्या सपाट रेषेला काही अर्थ नाही. एनएडीपीएचची पूड आपल्या दमट हवेत ओल धरते. बाटली सामान्य तापमानाला आल्यावरच उघडा, द्रावण त्याच दिवशी बनवा, अ‍ॅसिडिक बफरमध्ये तर मुळीच नको.

आणखी एक. शून्य मिनिटाच्या नमुन्यात थंड अ‍ॅसिटोनायट्राइल आधी, एन्झाइम नंतर. त्यातलं संयुग अपेक्षित १ मायक्रोमोलरपेक्षा बरंच कमी आलं तर ते प्लास्टिकला चिकटतंय किंवा तळाला बसतंय, तेव्हा बाकीचे आकडे बाजूला ठेवा. डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत.

बांबोळी_ऑन्को:

रुग्णाच्या बाजूने थोडं. कोणत्या एन्झाइमचा किती वाटा, हे आम्हाला दुसऱ्या औषधांमुळे हवं असतं. इमॅटिनिब ३ए४वर चालतं. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू केलं की रक्तातलं त्याचं एकूण प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांनी घटतं. अर्धं काम अल्डिहाइड ऑक्सिडेजने होत असेल तर हा फटका सौम्य होतो. म्हणून 'मुख्य एन्झाइम' एवढं पुरत नाही, वाटा टक्क्यांत द्या.

आणि मूळ संयुग नाहीसं झालं म्हणजे औषध संपलं असं समजू नका. टॅमॉक्सिफेनचं एन्डॉक्सिफेन २डी६मुळे बनतं आणि तेच जास्त प्रभावी. तुमचा मेटाबोलाइट वेगळा करता आला तर दोन गोष्टी तपासा: एमईटीवर तो चालतो का, आणि पीएच ५ ते ७.४ मध्ये किती विरघळतो. लघवीचा पीएच ५ च्या आसपास उतरू शकतो, नुसता ७.४ चा आकडा पुरणार नाही.

पर्वरी_एमफार्म:

देव बरें करूं सगळ्यांना. कुत्र्याचा अभ्यास थांबवतो. आधी एस९चे तीन संच, मग डायलिसिस. मेटाबोलाइट वेगळा करायला अंदाजे किती एस९ लागेल?

वेर्णा_बायोअ‍ॅनालिसिस:

विरघळण्याच्या चाचणीसाठी मिलिग्रॅममध्ये माल लागतो, एस९मधून तेवढा निघणं अवघड. २-क्विनोलिनोन प्रयोगशाळेतच बनवा: क्विनोलिनचा एन-ऑक्साइड करून पुनर्रचना हा जुना मार्ग आहे. बाजूच्या साखळीतला नत्र किंवा गंधक आधी ऑक्सिडाइज होत नाही ना, ते तपासा. मग त्याचा रिटेन्शन टाइम (क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून बाहेर पडायला लागणारा वेळ) एस९मधल्या शिखराशी जुळवा. जुळला तर रचनेला चांगला आधारही त्यातच मिळतो.