‘उष्णतारोधक शक्ती’ बरोबर आहे का?

प्रश्न : धातूत सिरॅमिक धागे घालून केलेल्या संमिश्रांवरचा एक मजकूर मराठीत करतेय. ‘हाय टेंपरेचर स्ट्रेंग्थ’ला ‘उष्णतारोधक शक्ती’ चालेल का?

– नाही चालणार. उष्णतारोधक म्हणजे उष्णता पलीकडे जाऊ न देणारा. भट्टीला आतून लावतात ती सिरॅमिकची लोकर तशी असते, पण तिच्यावर भार नसतो. तुमचे धागे ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) किंवा सिलिकॉन कार्बाइडचे, अखंड. त्यांनी ताण पेलायचा असतो. नुसतं ‘तापात टिकणारा’ म्हणायचं असेल तर ‘उच्चतापसह’ आहेच. आणि शक्ती म्हणजे पॉवर. इथे ‘सामर्थ्य’ हवं.

प्रश्न : म्हणजे ‘उच्च तापमानातील सामर्थ्य’?

– हो, पण मुळात मोजलंय काय ते आधी बघा. धागा तापलेला असतानाच ओढून तोडला, की तापवून, थंड करून मग तोडला? पहिलं ‘तप्त सामर्थ्य’, दुसरं ‘उरलेलं सामर्थ्य’. धातूच्या संमिश्रात दुसऱ्याला फार महत्त्व. टायटॅनियम आणि सिलिकॉन कार्बाइडचे तंतू साधारण ९०० अंश सेल्सियसला दाबून एकजीव करतात, तेव्हा टायटॅनियम तंतूच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया करतं. म्हणून तंतूवर कार्बनयुक्त लेप देतात. वापर सुरू होण्याआधीच तंतू दुबळा झाला असेल तर तप्त सामर्थ्याचा आकडा काय कामाचा?

– तिसरी गोष्ट राहिली, क्रीप. भार तोच, तापमान तेच, तरी धागा तासन्‌तास हळूहळू लांबत जातो. याला ‘विसर्पण’ म्हणतात. ‘विसरण’ वेगळं, ते डिफ्यूजन, म्हणजे अणूंचं हळूहळू पसरत जाणं. मुद्रितशोधक एकाचं दुसरं करून टाकतात, आणि पंचाईत अशी की ॲल्युमिनाच्या तंतूत विसर्पण होतं तेच मुख्यतः कणसीमांवरच्या, म्हणजे तंतूतल्या स्फटिककणांच्या सांध्यांवरच्या, विसरणामुळे! बारीक कणांमुळे हा तंतू साध्या तापमानाला जबरदस्त मजबूत असतो, पण कण बारीक म्हणजे सीमा जास्त, आणि साधारण १००० अंशांपुढे त्याच नडतात. म्युलाइट (ॲल्युमिना आणि सिलिका यांचं संयुग) मिसळलेला तंतू थंड असताना कमी ताकदीचा, पण विसर्पणाला जास्त दाद देत नाही. तेव्हा ‘अधिक मजबूत तंतू’ असं मोघम लिहू नका. कशात मजबूत, ते लिहा.

प्रश्न : तुम्ही मधेच ‘तंतू’ म्हणताय. धागा नको का?

– दोन्ही हवेत. तंतू एकटा; ॲल्युमिनाचा असेल तर साधारण १०-१२ मायक्रॉन जाडीचा. धागा म्हणजे शेकडो तंतूंचा पुंजका. ठिसूळ तंतूंची सामर्थ्यं एकसारखी नसतात, कच्चे आधी तुटतात आणि त्यांचा भार बाकीच्यांवर येतो. म्हणून पुंजक्याचा आकडा तंतूंच्या सरासरीपेक्षा कमी येतो. तुमच्या मूळ मजकुरात कोणाचा आकडा दिलाय ते पाहून शब्द निवडा.