असीरगडच्या वेढ्यावरच्या गेमचं कव्हर: आधी १२० पिक्सेलवर बघा

भाऊ, तुम्ही दाखवलेल्या कव्हरवर किल्ला, हत्ती, तोफा आणि बारा शिपाई हे सगळं ९२० × ४३० पिक्सेलवर झकास दिसतंय. पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कव्हरचं चित्र, म्हणजे कॅप्सूल, वेगवेगळ्या मापांत लागतं. त्यातली छोटी कॅप्सूल ४६२ × १७४ ची, आणि यादीत ती १२० × ४५ पर्यंत आकसते. तिथे शिपायांच्या मुंग्या होतात. छोटीत नावानेच जवळपास सगळी जागा व्यापू द्या, मागे फक्त कड्याची आकृती.

खरी गोची शिरोरेषेची आहे. तुमच्या चित्रात ती तटाच्या आडव्या रेषेला चिकटलीय, म्हणून 'असीरगड' वाचताच येत नाही. तट खाली सरकवा किंवा अक्षरांमागचं आभाळ गडद करा. फॉन्ट जाड घ्या. बारीक असला की 'सी'ची वेलांटी सगळ्यात आधी बुजते. एकदा कृष्णधवल करून तपासा.

तलवारवाला चेहरा मध्यभागी ठेवलात तर लोकांना मारामारीचा गेम वाटेल. उंचावरून तिरपा कोन घ्या: वर गड, पायथ्याला अकबराच्या छावण्या. वेढा लगेच कळतो.

'लवकरच येत आहे' काढा. २०२२ पासून कॅप्सूलवर चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. ६०० × ९०० ची उभी कॅप्सूल मात्र नव्याने मांडा, आडवीच कापून वापरली तर गडाचं टोकच जातं.